रक्ताच्या औषधाची उलटी वाट

१९२८ च्या सुमारास मुंबईच्या गिरणी वस्त्यांतल्या गरोदर बायकांना एका आजाराने गाठलं होतं. शेवटच्या महिन्यांत बाई पांढरीफटक पडायची, जिना चढताना धाप लागायची, पाय सुजायचे. बाळंतपणात थोडं जास्त रक्त गेलं की वाचण्याची आशा सोडावी लागे. लोहाच्या कमतरतेने रक्तक्षय होतो, हे तेव्हाही ठाऊक होतं. पण लोह देऊन या बायकांना उतार पडेना. सूक्ष्मदर्शकाखालचं चित्रही वेगळंच होतं. लोह कमी पडलं की तांबड्या पेशी लहान आणि फिकट दिसतात. इथे पेशी थोड्या होत्या, पण आकाराने नेहमीपेक्षा मोठ्या होत्या.

या आजाराचा छडा लावायला ल्युसी विल्स मुंबईत आल्या. वय चाळीस. बर्मिंगहॅमजवळच्या सटन कोल्डफील्डचा जन्म. केंब्रिजला वनस्पतिशास्त्र आणि भूशास्त्र शिकून १९११ मध्ये परीक्षा दिली, पण तिथे बायकांना पदवी देत नसत. मग लंडनमध्ये वैद्यक शिकून १९२० मध्ये त्या डॉक्टर झाल्या आणि रुग्ण तपासण्यापेक्षा प्रयोगशाळेत रमल्या. डॉ. मार्गारेट बाल्फर यांनी त्यांना माता-मृत्यूंच्या चौकशीसाठी बोलावून घेतलं. पैसा होता इंडियन रिसर्च फंड असोसिएशनचा. पुढे याच संस्थेची भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, म्हणजे आयसीएमआर, झाली. कामाची जागा होती परळची हाफकिन संस्था. जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये १८९९ पासून प्लेगच्या लशीची प्रयोगशाळा चालत होती, तीच ही.

विल्स यांनी आधी चौकशी केली ती ताटाची. कोण काय खातं, भाजी किती, दूध किती, मांस-मच्छी आठवड्यातून कितीदा. बायकांच्या खाण्याचा आणि रक्ताचा मेळ लागत गेला. ज्यांचं जेवण सर्वांत निकृष्ट, त्यांच्यात हा आजार सर्वांत जास्त, आणि त्यात गरीब मुसलमान बायका पुढे होत्या. मग तोच आहार उंदरांना देऊन पाहिला. उंदरांना रक्तक्षय झाला आणि यीस्ट दिल्यावर टळलाही. निष्कर्ष हाताशी आला असं वाटत असतानाच कळलं की उंदरांच्या अंगावरच्या उवांतून एका जंतूचा संसर्ग पसरत होता आणि रक्त त्यामुळेही उतरत होतं. उंदरांच्या प्रयोगाचा पाया असा डळमळला आणि तेच काम माकडांवर पुन्हा करावं लागलं.

नेमका पेच यकृताच्या अर्काने उभा केला. १९२६ मध्ये अमेरिकेत मायनॉट आणि मर्फी यांनी दाखवून दिलं होतं की ‘पर्निशियस’ नावाच्या जीवघेण्या रक्तक्षयावर यकृत खाऊ घालणं हा उपाय आहे. त्यासाठी यकृताचा शुद्ध केलेला अर्क बाजारात आला होता. पर्निशियस रक्तक्षयातही पेशी मोठ्याच दिसतात, म्हणून मुंबईच्या बायकांना तो लागू पडायला हवा होता. पडला नाही. कच्चा, कमी शुद्ध केलेला अर्क मात्र चालत होता, आणि त्याहून स्वस्त असा एक पदार्थही चालत होता. दारूभट्टीत उरलेल्या यीस्टपासून करतात तो, इंग्रज लोक पावाला लावून खातात तो काळा, खारट मार्माइट. तो सुरू केला की काही दिवसांत रक्तात कोवळ्या तांबड्या पेशी दिसू लागत. १९३१ मध्ये विल्स यांनी हे ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये छापलं. शुद्ध करताना जे काही गाळून जात होतं त्याला पुढे ‘विल्स फॅक्टर’ म्हणू लागले. ते काय आहे हे कळायला आणखी दहा वर्षं लागली. शुद्ध औषध हरलं आणि अशुद्ध जिंकलं, यातूनच त्यांना कळलं की हा वेगळा आजार आहे आणि याचं द्रव्यही वेगळं आहे. ज्या बायकांच्या रक्तावर हा शोध उभा राहिला त्यांची नावं आज कोणाला ठाऊक नाहीत.

विल्स यांचा लेख छापला गेला त्याच वर्षी, १८ जून १९३१ रोजी, मेहेरबाई टाटा वेल्समधल्या एका शुश्रूषागृहात ल्युकेमियाने, म्हणजे ब्लड कॅन्सरने, वारल्या. श्रीमंती कामी आली नाही, कारण विकत घेण्याजोगं काही नव्हतंच. फार तर क्ष-किरण, फार तर सोमल. दोन्हींनी आजाराची ओहोटी दिसे आणि तो पुन्हा उसळी मारी. पती सर दोराबजी यांनी १९३२ मध्ये मेहेरबाईंच्या नावाने न्यास काढला, तो खास ल्युकेमियाच्या संशोधनासाठी. त्याच वर्षी जूनमध्ये तेही गेले. मेहेरबाईंचा २४५ कॅरटचा ज्युबिली हिरा पुढे विकला गेला आणि दोराबजींची संपत्ती ज्या न्यासात गेली त्यातून परळमध्ये इस्पितळ उभं राहिलं. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी गव्हर्नर सर रॉजर लम्ली यांनी टाटा मेमोरियलचं उद्घाटन केलं. हाफकिनहून तिथे पायी जाता येतं. पण त्या दिवशी टाटांच्या इमारतीत रेडियम होतं, क्ष-किरण होते, शस्त्रक्रिया होती. ज्या आजारामुळे इस्पितळ निघालं, तो बरा करणारं मात्र काहीच नव्हतं.

विल्स यांच्या अनाम द्रव्याचा पत्ता त्याच वर्षी, १९४१ मध्ये, लागला. टेक्सासमध्ये मिचेल, स्नेल आणि विल्यम्स यांनी चार टन पालकातून ते वेगळं केलं आणि त्याला फॉलिक अॅसिड नाव दिलं. चार टन पालकातून चिमूटभर निघणारी वस्तू औषध म्हणून चालत नाही. ती कारखान्यात बनवता यायला हवी. ते काम न्यूयॉर्कजवळच्या लेडर्ले कंपनीच्या प्रयोगशाळेत झालं आणि तिचे संशोधनप्रमुख होते यल्लाप्रगडा सुब्बाराव. आंध्रातल्या भीमवरमचा हा माणूस. दोन भाऊ स्प्रू नावाच्या पोटाच्या आजाराने थोड्या अंतराने गेले होते, स्वतःलाही तो होऊन गेला होता. स्प्रूमध्येही रक्त उतरतं आणि पेशी मोठ्या होतात. १९४५ मध्ये फॉलिक अॅसिड कृत्रिमरीत्या तयार झालं आणि त्याने स्प्रूचा रक्तक्षय हटतो हेही लगेच दिसलं.

बॉस्टनच्या मुलांच्या इस्पितळात सिडनी फार्बर नावाचे विकृतिशास्त्रज्ञ होते. त्यांचं काम म्हणजे मृत मुलांची तपासणी. ल्युकेमिया झालेलं मूल तेव्हा काही आठवड्यांत, फार तर काही महिन्यांत जाई. फार्बर यांना वाटलं, हाही रक्ताचाच आजार. रक्त सुधारणारं फॉलिक अॅसिड देऊन पाहू. त्याच्या जवळची संयुगं दिली आणि आजार ओसरण्याऐवजी भडकल्यासारखा दिसला. दुसऱ्या एखाद्याने हात झटकले असते. फार्बर यांनी प्रश्न उलटा केला. हे द्रव्य घालून कॅन्सरच्या पेशी माजत असतील, तर ते तोडलं तर?

यामागचं गणित अवघड नाही. पेशी दुभंगायची तर आधी तिच्या डीएनएची दुसरी प्रत व्हावी लागते आणि त्यासाठी फॉलिक अॅसिड लागतं. गरोदर बाईत ते कमी पडलं की अस्थिमज्जेतल्या पेशी आकाराने वाढतात, पण वेळेवर दुभंगत नाहीत. म्हणून मुंबईच्या बायकांच्या पेशी मोठ्या दिसत होत्या. ल्युकेमियात तर पांढऱ्या पेशी बेबंद दुभंगत असतात, त्यांची भूकही तशीच. सुब्बाराव यांच्या चमूने फॉलिक अॅसिडसारखीच दिसणारी, पण त्याचं काम न करणारी रसायनं बनवली. नकली किल्ली कुलपात अडकली की खरी आत जात नाही, तसा हा प्रकार. त्यातलं अॅमिनोप्टेरिन डिसेंबर १९४७ मध्ये बॉस्टनला वापरलं गेलं. ३ जून १९४८ च्या ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये फार्बर यांनी लिहिलं की सोळा मुलांना औषध दिलं आणि दहांना गुण आला. तो गुण टिकला नाही. काही महिन्यांनी आजार परतला. पण मुलांचा ब्लड कॅन्सर औषधाने मागे हटू शकतो हे पहिल्यांदाच दिसलं होतं. दोनच महिन्यांनी, ऑगस्टमध्ये, सुब्बाराव वारले. अॅमिनोप्टेरिनचा धाकटा भाऊ मेथोट्रेक्सेट आजही ब्लड कॅन्सरच्या मुलांना दिला जातो.

एका औषधाने परतणारा आजार अनेक औषधांनी रोखता येईल, हे कळायला पुढची वीस वर्षं गेली. त्या काळात या मुलांचा जीव बहुधा रक्तस्रावाने किंवा जंतुसंसर्गाने जाई. रक्त गोठवणाऱ्या प्लेटलेट अस्थिमज्जेतल्या गर्दीत बनायच्या थांबत, नाकातून, हिरड्यांतून, शेवटी मेंदूत रक्त येई. वॉशिंग्टनजवळच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेतले एमिल फ्रायराइक यांनी ताज्या प्लेटलेट चढवून हा रक्तस्राव थांबतो हे दाखवलं. त्या वेगळ्या काढण्याचं यंत्र बनवायला त्यांना एक इंजिनिअर भेटला, ज्याच्या मुलालाही ल्युकेमिया होता. रक्तस्राव आवरला, म्हणून तिखट औषधं एकत्र देण्याची हिंमत करता आली. किमोच्या इतिहासात औषधांची नावं मोठ्या अक्षरात येतात. माझ्या मते प्लेटलेटच्या पिशवीला तितकाच मान मिळायला हवा.

परळमध्ये या वर्षांत काय चाललं होतं? टाटा मेमोरियलच्या प्रयोगशाळेची सूत्रं डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे होती. कॅन्सर लोकांच्या सवयींतून कसा येतो यावर त्यांचं लक्ष. घट्ट धोतराच्या काचाने कमरेवर होणारा कॅन्सर हा त्यांनी नोंदवलेल्या प्रकारांपैकी एक. त्यांच्या हाताखाली १९४९ मध्ये पीएच. डी. झाल्या कमल रणदिवे, पुण्याच्या हुजूरपागेतून आणि फर्ग्युसनमधून आलेल्या, माहेरच्या समर्थ. त्या पुढे अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्समध्ये जॉर्ज गाय यांच्याकडे गेल्या, जिथे माणसाच्या पेशी बाटलीत अखंड वाढवण्याचं तंत्र साधलं होतं. परत येऊन त्यांनी परळच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये देशातली पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभी केली.

पेशी शरीराबाहेर जिवंत ठेवायच्या तर त्यांना खायला घालणारं द्रावण लागतं, ते जंतूविरहित लागतं, तापमान रात्रंदिवस एकसारखं लागतं. पन्नाशीच्या दशकातल्या मुंबईत यातलं काहीच दुकानात मिळत नव्हतं. जे प्रयोग आज एका खोक्यातल्या तयार सामानावर होतात, त्यांच्यासाठी तेव्हा आधी सामानच घडवावं लागे. रणदिवे यांनी कॅन्सर होणाऱ्या उंदरांचे वाण जोपासले आणि स्तनाचा कॅन्सर, ल्युकेमिया यांच्यात अनुवंश, संप्रेरकं आणि विषाणू यांचा संबंध काय हे त्या उंदरांवर पाहिलं. १९८२ मध्ये त्यांना पद्मभूषण मिळालं. निवृत्तीनंतर त्या नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यात आदिवासी मुलांच्या पोषणाची पाहणी करत होत्या. मराठीत त्यांच्याबद्दल जेवढं लिहून यायला हवं होतं त्याच्या चौथाईही आलेलं नाही.

पलीकडच्या केईएम इस्पितळातही रक्ताचंच काम चालू होतं. १९५२ मध्ये डॉ. य. म. भेंडे आणि सहकाऱ्यांनी ए, बी, ओ यांपैकी कशातच न बसणारा रक्तगट नोंदवला, जगभर त्याला ‘बॉम्बे’ म्हणतात. १९५७ मध्ये आयसीएमआरने मुंबईत रक्तगटांचं केंद्र काढलं, त्याचीच पुढे राष्ट्रीय रक्तप्रतिकारशास्त्र संस्था झाली. रक्त न गोठणाऱ्या हिमोफिलियापासून सिकलसेलपर्यंतचं काम ती केईएमच्या आवारात करते, आणि आता तिचं एक केंद्र चंद्रपुरातही आहे.

ब्लड कॅन्सरच्या उपचाराला इथे खरा जोर आला तो डॉ. सुरेश अडवाणींमुळे. लहानपणी पोलिओ झालेले, चाकाच्या खुर्चीतून वॉर्डात फिरणारे हे डॉक्टर अमेरिकेत सिएटलला डोनल थॉमस यांच्याकडे अस्थिमज्जा रोपण शिकून आले. १९८३ मध्ये त्यांनी टाटांमध्ये देशातलं पहिलं रोपण केलं. नऊ वर्षांची मुलगी, मज्जा तिच्या भावाची. बातम्या त्याच्या झाल्या. मला मात्र त्यापुढची वर्षं जास्त मोलाची वाटतात. अमेरिकेत तोवर ल्युकेमियाच्या लिम्फोब्लास्टिक प्रकारातली निम्म्याहून जास्त मुलं बरी होत होती, इथे हाती लागत होती ती मोजकीच. अमेरिकेतले इयान मॅग्रॅथ आणि चेन्नई, मुंबई, दिल्लीचे डॉक्टर यांनी मिळून उपचाराचा एक आराखडा बसवला: एमसीपी-८४१. इथल्या इस्पितळांना झेपेल इतकाच तो कडक होता. टाटांमध्ये तो १९८६ पासून चालला आणि पुढच्या काही वर्षांत निम्म्याच्या आसपास मुलं बरी होऊ लागली.

जी मुलं गेली, त्यांतली सगळी कॅन्सरने गेली नाहीत. औषधाने पेशी कमी झाल्या की जंतुसंसर्ग गाठे, आणि मुळात खंगलेल्या मुलाला तो लवकर गाठे. पोट भरलेल्या मुलाला सोसेल तितकं मेथोट्रेक्सेट कुपोषित मुलाला सोसत नाही. काही मुलं उपचार अर्धवट सोडून गावी परतली. हा उपचार दोन-सव्वादोन वर्षांचा असतो. सुरुवातीचे महिने इस्पितळात, पाठीच्या कण्यातून सुया, मग घरी रोजच्या गोळ्या आणि दर आठवड्याला मेथोट्रेक्सेट. भंडारा जिल्ह्यातल्या लाखांदूरच्या माणसाने हे कसं निभवायचं? आधी वडसा नाहीतर भंडारा, मग नागपूर, मग रात्रभराची गाडी. मुंबईत दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळाली तर नशीब. आई पोराजवळ, बाप गावात, आणि रोवणीचे दिवस आले की मजुरी बुडवायची की तारीख, हा प्रश्न. नागपुरात राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय झाल्याने अंतर कमी झालं, पण ‘टाटा’ला जायचं ही भाषा अजून गेलेली नाही. टाटांमध्ये आता आयआयटी मुंबईच्या साथीने रुग्णाच्याच पांढऱ्या पेशींना कॅन्सर ओळखायला शिकवून परत सोडतात. या देशी उपचाराला ऑक्टोबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली.

पण पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत रक्ताचा आजार म्हटलं की घरोघर आधी आठवतो तो सिकलसेल. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर, नागपूर हा त्याचा पट्टा. तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, हाडं ठणकतात, रक्ताच्या गाठी होण्याचा धोका वाढतो. शुक्ल आणि सोळंकी यांनी मध्य भारतातल्या सिकलसेलवरचं टिपण ‘लॅन्सेट’मध्ये छापलं ते १९५८ मध्ये. त्यानंतर कितीतरी वर्षं गावात त्याला संधिवात म्हणत, बाहेरची बाधा म्हणत. आता तपासणीमुळे ‘एएस पॅटर्न’ (म्हणजे वाहक), ‘एसएस पॅटर्न’ (म्हणजे रुग्ण) हे शब्द लग्नाच्या बोलणीतही येतात. एसएस रुग्णाच्या तांबड्या पेशी लवकर मरतात, मज्जेला त्या सतत नव्याने घडवाव्या लागतात, म्हणून फॉलिक अॅसिडची पिवळी गोळी रोज. विल्स यांनी मार्माइटमधून दिलेली वस्तू ती हीच.

सिकलसेलचं दुसरं औषध ब्लड कॅन्सरच्या वॉर्डातून आलं. हायड्रॉक्सियुरिया जर्मनीत १८६९ मध्ये बनलं आणि जवळपास शंभर वर्षं कोणाच्या कामाचं नव्हतं. १९६७ मध्ये अमेरिकेत कॅन्सरचं औषध म्हणून त्याला परवानगी मिळाली आणि पांढऱ्या पेशी बेसुमार वाढलेल्या जुनाट ल्युकेमियात डॉक्टर ते वापरू लागले. पेशींच्या वाढीला खीळ घालणारं हे विषच. पण मज्जेला असा हलका धक्का बसला की ती गर्भातलं हिमोग्लोबिन पुन्हा बनवू लागते आणि ते असलं की पेशी वाकायच्या कमी होतात, हे १९८० च्या दशकात ध्यानात आलं. सॅम्युअल शराश यांच्या पुढाकाराने अमेरिकेत २९९ प्रौढ रुग्णांवर चाचणी झाली. वेदनेचे झटके जवळपास निम्म्यावर आले. फायदा इतका स्पष्ट होता की १९९५ मध्ये चाचणी मुदतीआधीच थांबवली.

अमेरिकेत औषधाची मात्रा हळूहळू वाढवत नेतात, दर काही आठवड्यांनी रक्त तपासतात. गावात ते जमणारं नव्हतं. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. दीप्ती जैन यांनी दुसरा विचार केला. मात्रा कमीच ठेवली, किलोला १० मिलिग्रॅम, आणि ती वाढवलीच नाही. तरीही मुलांचे झटके कमी झाले, रक्त चढवण्याची वेळ कमी आली. २०१२ मध्ये हे प्रसिद्ध झालं. एमसीपी-८४१ मागेही हाच विचार होता. सर्वांत जोरकस उपचार कोणता, याआधी इथे कोणता पाळला जाईल हे पाहायचं.

तरी घरात अडचण उरतेच. ‘ही कॅन्सरची गोळी आहे’ असं कोणीतरी सांगतं, आई घाबरते आणि औषध बंद करते. ज्या घरांत ते चालू राहतं, तिथे मोजमापाची पंचाईत होते. सर्वत्र मिळणारी कॅप्सूल ५०० मिलिग्रॅमची. बारा किलोच्या मुलाला हवेत १२० मिलिग्रॅम. म्हणजे कॅप्सूल उघडून भुकटी पाण्यात कालवायची आणि अदमासे चतुर्थांश पाजायची, तीही अशा औषधाची, जे उघड्या हाताने हाताळू नये. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोलमधून सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू झालं, २०४७ चं लक्ष्य ठेवून. गावोगाव रक्त तपासणं सुरू झालं तसे निदान झालेल्या लहान मुलांचे आकडे वाढू लागले आणि हा भुकटीचा प्रश्न सरकारच्या टेबलावर आला. २०२४ मध्ये आयसीएमआरने औषध कंपन्यांकडून प्रस्ताव मागवले: लहान मुलांसाठी कमी मात्रेचं हायड्रॉक्सियुरिया कोण बनवून देतं?